आई सिलायला जेवली नाही

माझी आई कडक उपास करणाऱ्यांतली कधीच नव्हती. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घ्यायची. संकष्टीला कॅलेंडरवरची मुंबईची चंद्रोदयाची वेळ सिंगापूरच्या घड्याळात बघायची आणि खुशाल अडीच तास आधी उपास सोडायची. बाबांनी ही चूक दाखवून दिली की म्हणायची, "गणपतीला चालतं, तुम्हालाच चालत नाही." अशा बाईनं फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर, जिथं पाहुणा नुसता उंबऱ्यात उभा राहिला तरी त्याच्यापुढं ताट येतं, एका घरात तीन दिवस पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेतला नाही. त्या तीन दिवसांवर माझ्या ताईचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला भूक सोडून दुसरं काही फारसं कळत नव्हतं. पण त्या वेळी माझी भूकच उपयोगी पडली, म्हणून हे प्रकरण मी आनंदानं लिहायला घेतलंय.

आम्ही सिंगापुरात चोआ चू कांगला राहायचो, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. खिडकीखालून एकदोन डब्यांची छोटी लोकल घरंगळत जायची, शेजारच्या चिनी आजींचा टीव्ही भिंतीतून भांडायचा आणि आमच्या स्वयंपाकघरात आई त्या दोघांच्या वरताण आवाजात बोलायची. आई वेंगुर्ल्याची. एरवी तिची भाषा अगदी पुस्तकी, पण चिडली की मालवणीत जायची. मग आम्ही दोघी बहिणी मुकाट्यानं अभ्यासाला बसायचो. बाबा सांगलीकडचे, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेले. बँकेत हिशेब तपासायचे आणि घरी आले की कुठल्याही गोष्टीवर मत द्यायचं टाळायचे. घरातली मतं आईकडं ठेव म्हणून ठेवलेली होती.

आईचा खरा मान गुळपोळीत होता. संक्रांतीच्या आधी महिनाभर तिला फोन यायचे, कुणाची पोळी फुटते, कुणाचा गूळ बाहेर येतो. ती डॉक्टरसारखी लक्षणं विचारून घ्यायची. पोळ्या लाटताना ती हमखास एकच गोष्ट सांगायची, तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या आप्पा आजोबांची. आई नवी लग्न होऊन कारखान्याच्या कॉलनीत आली, तेव्हा आप्पा वेंगुर्ल्याहून एसटीनं दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत लेकीला बघायला आले. टोपलीत काजू, आमसुलं, सुका बांगडा. ओटीवर बसले, टोपली दिली, लेकीला डोळे भरून पाहिलं आणि पाणीसुद्धा न घेता उठले. चहा प्यायला एसटी स्टँडवर गेले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी काही खायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. पुढं ताई झाली, तेव्हा आप्पा त्याच घरात मांडी घालून बसले आणि आईच्या सासूबाईंना म्हणाले, "आता वाढा, विहीणबाई, दोन वर्षांची भूक आहे." इथवर आलं की आईचे डोळे पाणावायचे आणि पोळी हटकून करपायची. ती करपलेली पोळी मला मिळायची, म्हणून ही गोष्ट मला फार आवडायची.

ताईचं नाव मुग्धा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पाया लेबारला एका कंपनीत नोकरीला. दोन गोष्टींसाठी ती घरात प्रसिद्ध होती. एक म्हणजे ती कधी खोटं बोलायची नाही आणि दुसरी, तिला दुपारची झोप म्हणून यायची नाही. कुकरची शिट्टी झाली, कुणी चमचा पाडला, की ती उठून बसलेली. एका रविवारी ताटात भात कालवता कालवता ती म्हणाली, "आई, मला रोमेलशी लग्न करायचंय." रोमेल तिच्याच ऑफिसातला, दोनतीनदा आमच्याकडं जेवून गेलेला. सोलकढी त्यानं तीन वाट्या प्यायली होती, त्यामुळं आईचं त्याच्याबद्दलचं मत तोवर फार चांगलं होतं.

"मित्र म्हणून सोलकढी पाजली होती मी," आई म्हणाली.

"मग जावई म्हणून काय पाजशील?" बाबांनी विचारलं आणि लगेच ताटाकडं बघू लागले.

आईनं महिनाभर अबोला धरला नाही, ते तिला जमण्यातलंच नव्हतं. उलट ती जास्तच बोलायला लागली. फिलिपिन्स म्हणजे किती वादळं येतात, तिथले लोक डुक्कर कसे अख्खे भाजतात, मुलांची नावं काय ठेवणार. इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी फोनवर विचारलं, "फिलिपिनो? अय्या, म्हणजे आमच्या घरी कामाला आहे तशांतला?" आईनं फोन ठेवला आणि त्यांचा आमच्याकडं राहिलेला डबा न धुताच परत पाठवून दिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की वारं कुठल्या बाजूला वाहतंय. पण नकार काही ती मागं घेईना. शेवटी ताई म्हणाली, "एकदा त्याचं घर बघून ये. मग नाही म्हणालीस तर मी नाही करणार. पण बघून नाही म्हण." ताई खोटं बोलत नाही हे आईला ठाऊक होतं. म्हणून ती जास्तच घाबरली असावी.

"फिरायला म्हणून जाऊ," आईनं जाहीर केलं. "आपण टुरिस्ट. बघणी नाही, बोलणी नाही, काही नाही. तिथं त्यांचा मुखवट्यांचा उत्सव असतो ना, तो बघायचा, जुनी घरं बघायची आणि परत यायचं." असं म्हणून टुरिस्टबाईंनी चकल्या, करंज्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू केले, सेरंगूनच्या मॉलमधून झाकणं घट्ट बसणारे डबे आणले आणि एक गडद निळी साडी घेतली. साडी कुणासाठी, असं मी विचारलं. "गप रव गो," एवढंच उत्तर मिळालं.

मनिलात विमान बदलून आम्ही रोमेलच्या गावी, सिलायला उतरलो. रोमेल कुणाची तरी जीप मागून घेऊन आला होता. रस्ता लागला आणि दोन्ही बाजूंना ऊस, नजर पोचेल तिथपर्यंत ऊस. हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका वळणावर वारा फिरला आणि आमचे बाबा, कुठल्याही गोष्टीवर मत न देणारे, सीटवरून उठून ओरडले, "मळी! मळी! मुग्धे, वास घे, मळी आहे ही!" साखर कारखान्याशेजारी वाढलेल्या माणसालाच तो आंबूस, गोडूस वास असा उचलून घेऊन जातो. आम्हाला तो नुसता कुबट लागला.

"वीस वर्षं ह्या वासापासून लांब पळालात," आई म्हणाली, "आता विमानाचे पैसे देऊन हुंगा."

पुढं एक उसाचा ट्रक रहदारीत अडकून उभा होता. बाबांनी जीप थांबवायला लावली, खाली उतरले आणि मागून लोंबणारं एक कांडकं सरळ उपसून काढलं. सूट घालून बँकेत जाणारा माणूस. ट्रकवाल्यानं आरशात पाहिलं आणि खदखदा हसत भोंगा वाजवला. बाबा दातांनी ऊस सोलत जीपमध्ये येऊन बसले आणि रोमेलच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गुड केन. व्हेरी गुड केन." माझ्या मते बाबांचा होकार तिथंच, त्या रस्त्यावर झाला. पण त्यांच्या होकाराला घरात किंमत नव्हती.

रोमेलचं घर जुन्या हवेल्यांच्या मागच्या गल्लीत होतं. हवेल्या साखरेच्या धन्यांच्या, ह्यांचं घर आपलं साधं, पत्र्याचं, पुढं कण्हेर आणि खुर्च्या. त्याचे वडील नव्हते. आई शाळेत शिकवून निवृत्त झालेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. तिथं मावशी-काकूला सगळे 'तिता' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना तिता म्हणू लागलो. तितांनी दारातच आईला मिठी मारली. आईला मिठीची सवय नाही, ती हातातल्या डब्यांसकट त्या मिठीत सापडली. मग तिता ओरडल्या, "काओन ता!" म्हणजे चला, जेवू या. हे तीन दिवसांत मी इतक्यांदा ऐकलं की आजही कुणी म्हटलं तर मी ताट शोधायला लागते.

टेबलावर भाजलेली कोंबडी होती, लसणीचा भात, आंबट माशाचं कालवण, आणि एका टोपलीत कापडाखाली गरम, चपट्या, वाटोळ्या पोळ्या. मी एक फोडली. आत वितळलेला काळसर गूळ, वर भाजलेले तीळ. मी आईकडं बघितलं. आईही त्या पोळीकडंच बघत होती, शेजारणीच्या अंगावर स्वतःची साडी दिसावी तशी. "पियाया," रोमेलनं नाव सांगितलं. आमच्याच कुणीतरी होडीत बसून इथं येऊन गुळपोळी शिकवून गेल्यासारखं वाटत होतं. तितांनी आम्हाला एक शब्द शिकवला, 'नमित', म्हणजे चविष्ट. बाबा घासाघासाला नमित म्हणत सुटले. मी म्हटलं, ताईनं म्हटलं. तिता आईकडं बघत राहिल्या.

"विमानात फार झालं," आई हसून म्हणाली. "नंतर घेईन."

नंतर काही ती वेळ आली नाही. संध्याकाळी तिचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉटेलात असताना मात्र तिनं लसणीच्या भातावर सुकी मासळी अशी काही रेटली की वाढणारा पोरगा अवाक झाला. मग आम्ही जुन्या हवेल्या बघितल्या. लाकडी जिने, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पियानो. आई प्रत्येक खिडकीशी थांबून म्हणत होती, गोव्याला माझ्या मावशीच्या शेजारी अश्शाच होत्या. रस्त्यावर तिनं नारळाची बर्फी खाल्ली, शहाळं प्यायली, भाजलेलं कणीस खाल्लं. दुपारी तितांच्या घरी पोचलो आणि लगेच तिचं पोट बिघडलं. मी तिच्या पर्समध्ये पाण्याची बाटली पाहिली. तितांनी पुढं केलेला पेला तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावावा तसा किंचित उचलला आणि तसाच खाली ठेवून दिला.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली, जी मी तेव्हा पाहिली पण मला कळली मात्र पुढं. शेजारी कुणीतरी स्पीकर लावून गात होतं, अंगणात दोन कोंबडे एकमेकांशी स्पर्धा करत होते, आणि ताई बाहेरच्या लाकडी बाकावर आडवी झाली ती गाढ झोपली. तितांनी येऊन तिच्या डोक्याखाली उशी सरकवली, पाय ओढून सरळ केले आणि पंखा तिच्याकडं वळवला. ताई जागी झाली नाही. आई समोरच्या खुर्चीत बसून किती तरी वेळ तिच्याकडं बघत होती. मी हाक मारली तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

तिसऱ्या दिवशी जवळच्या बाकोलोद शहरात मुखवट्यांची मिरवणूक होती. त्याआधी तितांच्या घरी जेवण आणि रात्री परत. तितांनी पहाटेपासून रांधलं होतं. ह्या वेळी कोंबडी नाही, डुक्कर नाही, कुणाला तरी विचारून मुगाचं वरण केलेलं, भाज्या केलेल्या, आणि तव्यावरून थेट आईच्या पुढ्यात एक पियाया. आम्ही सगळे बसलो. आई म्हणाली, "माझा आज उपास आहे."

तितांनी उलथनं खाली ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत, हेच भयंकर होतं. अगदी हळू, शाळेतल्या बाईंच्या स्वच्छ इंग्रजीत त्या म्हणाल्या, "माझ्या घरात तीन दिवस तुम्ही पाणीही घेतलं नाही. हॉटेलात जेवता, रस्त्यावर जेवता. मला समजलं. उत्तर नाही असं आहे." मग रोमेलकडं वळून त्यांच्या भाषेत काही बोलल्या आणि आईच्या पुढचं ताट उचलायला लागल्या. ताईनं शब्द दिला होता आणि ती खोटं बोलत नाही. ती खुर्ची सरकवून उठली.

माझ्या तोंडात गुळाचा घास होता. तीळ दाताखाली आले, आणि मला आमच्या स्वयंपाकघरातला करपल्याचा वास आला. करपलेली पोळी, ओटीवर बसलेले आप्पा, एसटी स्टँडवरचा चहा. मी तोंडातल्या घासासकट इंग्रजीतून किंचाळले, "नो, नो, तिता, डोन्ट टेक लाह! शी कान्ट ईट! आमच्यात मुलीची आई मुलीच्या सासरी जेवत नाही! बाळ होईपर्यंत! पाणी पण नाही! माझे आजोबा पण!"

शेजारचं गाणं नेमकं तेव्हाच संपलं. तितांच्या हातात ताट अधांतरी. मग बाबांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग टेबल हललं. "अगं," ते आईला म्हणाले, "टुरिस्ट ना तू?"

"मी कुठं काय म्हटलं?" आईचे कान लाल झाले होते. "हो नाही म्हटलं आणि नाहीही नाही म्हटलं. पण उद्या तसं झालंच, तर आधी खाल्लेलं परत करता येतं का? म्हणून आपली काळजी घेतली."

ताई टेबलाला वळसा घालून आली. तिनं तितांच्या हातातून ते ताट घेतलं आणि आईच्या समोर ठेवलं. "सोपं आहे, आई. टुरिस्ट असशील तर खा. हे कुणा परक्याचं घर असेल तर खा. आणि नसशील खाणार, तर तसं सांग. बघून सांग म्हटलं होतं मी."

आज मी स्वतः आईच्या तेव्हाच्या वयाला मागं टाकलंय आणि मला त्या रितीत काही शहाणपण दिसतं असंही नाही. लेक द्यायची आणि वर उपाशी राहायचं, हा कुठला न्याय? आप्पांना कुणी विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, आमच्याकडं असंच असतं. पण त्या टेबलाशी, त्या उकाड्यात, आईच्या सगळ्या भीतीला, सगळ्या मायेला बोलायला तेवढी एकच भाषा येत होती. ती पोळीकडं बघत होती. वाफ येत होती, कडेनं गुळाचा एक थेंब बाहेर आला होता. पोळीची अशी अवस्था बघून तिची बोटं वळवळत असणार हे मला दिसत होतं. तिला मनापासून भूकही लागली होती.

तिनं ताट उचललं आणि ताईच्या हातात दिलं.

"तू खा," ती म्हणाली. "तुझं घर आहे. काल बघितलं मी, कशी झोपली होतीस."

ताई तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. तितांना मराठी येत नव्हतं, पण त्यांना भाषांतर लागलं नाही. त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारचा गाणारा धावत आला. आईनं पिशवीतून ती निळी साडी काढली आणि तितांच्या हातात ठेवली. रोमेलनं वाकून आईचा हात आपल्या कपाळाला लावला, तशी त्यांची पद्धत. बाबांनी त्या गडबडीत आईच्या वाटचं सगळं जेवून टाकलं.

त्यानंतर मिरवणुकीत जो गोंधळ झाला तो सगळा लिहीत बसले तर पानं पुरायची नाहीत. रोमेलच्या सगळ्या मावश्या, काक्या, चुलतभावंडांपर्यंत बातमी पोचली होती, पण अर्धीच. 'ती जेवत नाही, कारण तिनं होकार दिला' हे ऐकून ज्याला त्याला वाटू लागलं की आता होकार मिळालाय तर तिला भरवायलाच हवं. शेवटी बाबांनी तिला एक हसरा मुखवटा घेऊन दिला, पिसांचा, मण्यांचा, गुलाबी गालांचा. मुखवट्याचं तोंड कानापर्यंत हसत होतं, पण त्याला भोक नव्हतं. आईनं तो विमानतळापर्यंत उतरवला नाही. ढोलांच्या तालावर ती थोडी नाचलीही, असं बाबा म्हणायचे. ती मात्र ते शेवटपर्यंत नाकारायची, तो मुखवटा दुसऱ्याच कुणाचा होता म्हणायची.

लग्नानंतर ताई-रोमेल सेरंगूनला राहू लागले. आई आठवड्यातून दोनदा तिथं जायची, चार डबे भरून न्यायची, त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून अख्खा स्वयंपाक करायची, आणि भूक लागली की लिफ्टनं खाली उतरून मॉलच्या फूड कोर्टात नूडल्स खाऊन परत वर यायची. तिथला नूडल्सवाला तिला पाहिलं की वाडगं भरायला घ्यायचा. मी म्हणायचे, "आई, तूच केलेली भाजी आहे, खा ना." ती म्हणायची, "भाजी माझी आहे, घर माझं नाही."

मग ताईला मुलगी झाली. तिता सिलायहून आल्या होत्या. बाळ घरी आलं त्या दिवशी आम्ही चोआ चू कांगहून निघालो, तेव्हा आईनं सकाळपासून चहाही घेतला नव्हता. आत गेल्यावर तिनं बाळाला घेतलं, बराच वेळ बघितलं, तिचं नाक बाबांवर गेलंय म्हणून हळहळली आणि बाळाला ताईच्या कुशीत ठेवलं. मग हात धुतले आणि स्वयंपाकघरातल्या लहानशा टेबलाशी खुर्ची ओढून बसली. तितांना एका शब्दानं सांगावं लागलं नाही. तवा आधीच तापलेला होता.

पहिली पियाया आईच्या ताटलीत पडली. तिता पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. हो, पदराला, कारण त्या दिवशी त्या ती निळी साडी कशीबशी गुंडाळून आल्या होत्या. आईनं एक तुकडा मोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मराठीत सुरू झाली: जाड लाटलीय, कडेला गूळ पोचला नाही, तीळ नुसते वरून लावलेत, ते भाजून कुटून आत घालायचे असतात, आणि कणीक आणखी घट्ट हवी. तिता एकदा ताईकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. भाषांतर करायची आमची दोघींचीही हिंमत होईना.

मग आईनं डोळे उघडले, तितांकडं पाहिलं आणि म्हणाली, "नमित."

आणि ताटली पुढं केली.